सात नंबरच्या मशीनचा आवाज

माझे बाबा, भगवंत, शिलाई मशीनचं दुखणं फोनवरून ओळखायचे. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून फोन आला की म्हणायचे, "मशीनजवळ धर," आणि बदलापूरला घरी जेवता जेवता सांगून टाकायचे, बेल्ट सैल आहे की तेल आटलंय. वर्षभरात मात्र त्यांचं चुकायला लागलं. नवे फोन आवाज खातात, असं ते म्हणायचे. ते खरंही आहे. फोन बोलणं ठेवतो आणि मागचा गोंगाट गाळून टाकतो. मी माहितीपटांसाठी आवाज रेकॉर्ड करते, त्यामुळे मला हे कारण लगेच पटलं. जरा जास्तच लगेच.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या खेमचंद शेठच्या कारखान्यात सात नंबरच्या मशीनवर सारखा दोरा तुटत होता. बाबा दोनदा जाऊन आले, सुई बदलली, दोऱ्याचा ताण बदलला, फरक शून्य. "आज फॉल्ट नहीं मिला तो कल कंपनीचा माणूस बोलावतो," शेठ म्हणाले. "मग चाळीसच्या चाळीस मशीन त्याच्याकडे." वीस वर्षं ती मशीनं बाबांच्या हाताखाली होती.

मी रेकॉर्डर आणि तीन माईक घेऊन त्यांच्याबरोबर गेले. बाबांना हसू आवरेना. "मशीनची मुलाखत घेतंस का गो?"

पहिला लांबुळका माईक समोरचाच आवाज धरतो म्हणतात, पण पत्र्याखाली शेजारची मशीनंही त्यात घुसली. दुसरा कॉलरला लावायचा बारका माईक मी चिकटपट्टीने मशीनच्या खाली, हूकजवळ बसवला. हूक म्हणजे खालचा दोरा गुंफणारा फिरता भाग. आवाजाची पातळी आपोआप ठरवण्याचं बटण बंद केलं, नाहीतर रेकॉर्डर लहानमोठे सगळे आवाज एका मापाचे करतो. मशीनवर बसणाऱ्या गंगूबाईंनी पट्टा शिवला. हेडफोनमध्ये मला टाका न् टाका स्वच्छ ऐकू आला. मी खूश.

बाबांनी ऐकलं, मान हलवली. "काय नाय. तुझा माईक बरोबर नाय."

माझं डोकं फिरलं. माझ्या माईकला नावं ठेवलेली मला खपत नाहीत, आणि हा तर तिन्हींतला सगळ्यात चांगला. तणतणत मी तिसरा लावला. तो मशीनच्या अंगाला चिकटतो, हवेतला आवाज घेतच नाही, नुसता धडधडाट देतो. बाबा म्हणाले, "ह्यो बरा. ह्यात नीट येतं."

मी फेकून देईन असा तो आवाज होता. तेवढ्यात गंगूबाईंनी गंमत म्हणून हेडफोन घातला आणि मी त्यांना दुसऱ्या माईकचं रेकॉर्डिंग ऐकवलं. "अगं बाई, केवढी ही टिकटिक!"

"कुठली टिकटिक?" बाबांनी विचारलं.

मला ती पहिल्यापासून ऐकू येत होती. मशीनचा नेहमीचाच आवाज असेल, असं मी धरून चालले होते. बाबांना येत नसेल, हे मनातही आलं नाही.

मी दुसरा माईक परत बसवला, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, दुप्पट केला आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. मग लॅपटॉपवर ते चौपट हळू वाजवलं. जुन्या टेपवर गाणं हळू लावलं की बाईचा आवाज पुरुषी होतो, तसा बारीक आवाजही जाड होतो.

बाबांनी डोळे मिटले. बोट मांडीवर चालू लागलं. "टाक्याला एकदाच वाजतंय," ते म्हणाले. "हूक घासला असता तर दोनदा वाजला असता, तो टाक्याला दोन फेरे घेतो. सुई हूकच्या टोकाला लागतंय. दोघांच्या गाठीचं टायमिंग सरकलंय."

मला किंवा गंगूबाईंना हे सात जन्मात कळलं नसतं.

शेठ येऊन उभे होते. "मिला? फिर सुबह से क्या सुन रहे थे?"

"माझा माईक खराब होता, शेठ," मी पटकन म्हणाले. "आता बदलला."

बाबांनी हेडफोन काढला. माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे.

"माईक चांगला व्हता, शेठ. माझा कान गेलाय. बारीक आवाज मना येत नाय आता. पोरीच्या कामात खोट नाय."

शेठ बाबांकडे बघत राहिले, आणि बाकीच्या मशीनचं उद्या सांगतो म्हणून आत गेले. मला बाबांचा इतका राग आला. कुणी विचारलं होतं? बाबा पेचकस घेऊन मशीनसमोर बसले होते. टायमिंग लावलं, जीन्सच्या चार घड्या सुईखाली घातल्या, दोरा तुटला नाही.

माझ्या कामाची एवढी बाजू आजवर कुणी घेतली नव्हती. आणि ती त्यांनी घ्यायला नको होती.