माळ्यावरचे एकोणीस आठवडे

मी एक जुनी बॅग आहे. काळी, चाकांची, ओढायच्या दांड्याची. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, विमानातून हिंडणाऱ्या बॅगेला कसलं आलंय दुःख? पण दुरून डोंगर साजरे असतात. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी मला पूर्ण रिकामं करावं आणि माळ्यावर टाकून विसरून जावं. इतर बॅगा माळ्याला भितात, मी त्याची स्वप्नं पाहिली.

कारखान्यात मला तीनदा जमिनीवर आपटलं आणि मी फुटले नाही म्हणून पास केलं. दुकानात मला ज्यांनी पसंत केलं ते नुकतेच वैमानिक झाले होते. मी त्यांना साहेब म्हणते. सोबत त्यांची बायको होती आणि तिच्या कडेवर वर्षाची छोटी. बाईसाहेबांनी माझ्या चेनी पाच-सहा वेळा उघडून-मिटून पाहिल्या आणि म्हणाल्या, ही जन्मभर टिकेल. एवढं कौतुक मला पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

विमान कंपनी प्रत्येक वैमानिकाला एक शहर नेमून देते. त्याची उड्डाणं तिथूनच सुरू होतात. त्या शहराला बेस म्हणतात. साहेबांचा बेस घरापासून दोन तासांच्या विमानप्रवासावर निघाला. बाईसाहेब तेव्हाच म्हणाल्या होत्या की आपण सगळेच तिकडे जाऊ. साहेब म्हणाले, कशाला घर हलवायचं, मी बदलीचा अर्ज केलाय, दोन वर्षांत इकडे येतो.

बदलीची एक यादी असते. एकदा अर्ज केला की आपण लेखी मागे घेईपर्यंत नाव यादीत राहतं आणि वरच्यांना जागा मिळत गेली की हळूहळू पुढे सरकतं. साहेबांचा नंबर नववा आला, तेव्हा त्यांना कॅप्टनची बढती मिळाली. घरात सगळे आनंदले. पण कॅप्टनांची यादी वेगळी असते आणि नवा कॅप्टन तिच्यात तळाशी जातो. साहेब पुन्हा म्हणाले, दोन वर्षं.

अशी चौदा वर्षं गेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमचं चाकांवर होतं. कामावर पोचण्यासाठीच आम्हाला आदल्या दिवशी विमान धरावं लागे. तेही हक्काचं नाही, जागा उरली तर. ती नसली तर कॉकपिटमधल्या घडीच्या खुर्चीवर साहेब अवघडून बसत. मला सामानाच्या खणात कोंबलं जाई. बेसच्या शहरात पाच वैमानिकांनी मिळून घेतलेली एक खोली होती. तिथे एकावर एक पलंग आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. कोण आलं, कोण गेलं, याचा पत्ता दाराजवळच्या बुटांवरूनच लागे.

घरी आलो तरी साहेब मला फक्त उघडत, रिकामी मात्र करत नसत. त्यांचा दात घासायचा ब्रशसुद्धा माझ्याच कप्प्यात असे. परवा पुन्हा जायचंच आहे, म्हणत. छोटी सहा वर्षांची असताना तिने बाबांना टॉवेल आणून दिला तो पाहुण्यांचा. बाईसाहेब हसल्या, साहेबही हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझी चाकं दोनदा बदलली, दांडा एकदा. छोटीची उंची दारापाशी पेन्सिलने लिहिलेली असे. साहेब दर वेळी ती वाचायचे, मोजायला मात्र कधीच घरी नसायचे.

मग एका दुपारी छोटीचा फोन आला. बाईसाहेबांचं अपेंडिक्स फुटलं होतं. आम्ही बेसच्या विमानतळावर होतो. पहिलं विमान भरलेलं होतं, दुसरंही, आणि कॉकपिटमधली घडीची खुर्चीही त्या दिवशी प्रत्येक विमानात आधीच गेली होती. तिसऱ्यात एक जागा मिळाली. साहेब बसले, पट्टा लावला, आणि शेवटच्या क्षणी तिकीटवाला प्रवासी धावत आला. अशा वेळी उठायचं असतं, ही आमच्याकडची रीतच आहे. साहेब उठले. ते उतरत असताना माझं चाक शिडीच्या प्रत्येक पायरीवर आपटत होतं.

चौथ्या विमानाने आम्ही पोचलो तेव्हा शस्त्रक्रिया उरकून बराच वेळ झाला होता. संमतीच्या कागदावर शेजारच्या मावशींची सही होती. तुमचं नातं काय, या रकान्यात मावशींनी 'जवळची' असं लिहिलं होतं. तो कागद साहेबांनी दोनदा वाचला.

घरी आल्यावर आठवड्याने बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "तुझी बदली येईल तेव्हा येईल. आम्हीच येतो तिकडे."

आणि त्या आल्या, मित्रांनो. त्यांनी पंधरा वर्षांची नोकरी सोडून तिथे नवी धरली. छोटीने मैत्रिणींचा निरोप घेऊन तिथल्या कॉलेजात नाव घातलं. जुनं घर भाड्याने दिलं. सामान बांधणं, दाखले, गॅस, पडदे, साहेबांनी सगळी कामं धावून धावून केली. नव्या घरात त्यांनी मला पलंगावर ठेवलं आणि एकेक वस्तू बाहेर काढली. तळाशी गेल्या कित्येक वर्षांची बोर्डिंगची चिठोरी निघाली. मग त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि माळ्यावर ठेवलं.

एकोणीस आठवडे मी तिथे होते. अंगावर धूळ बसत होती आणि मी सुखात होते. रोज उड्डाण संपलं की खाली दाराची कडी वाजे, छोटी म्हणे, "बाबा आला," आणि तिच्या आवाजात काही विशेष नसे. रोज येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं ती बोले.

पण दैव देतं आणि कर्म नेतं. एवढ्या धावपळीत साहेब एक काम विसरले होते. यादीतून नाव काढायचं.

विसाव्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. अभिनंदन, आपली बदली मंजूर झाली आहे. पंधरा दिवसांत जुन्या शहरात हजर व्हावे. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र साहेबांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. बदली रद्द करा म्हणून त्यांनी लगेच अर्ज केला. उत्तर आलं की इथली जागा भरली आहे, इकडे यायचं असल्यास पुन्हा यादीत नाव नोंदवावं. नवा नंबर होता एकेचाळीस.

बाईसाहेब भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी एकदा घर उचललं. पुन्हा नाही उचलणार मी."

मला माळ्यावरून छोटीने खाली काढलं. फडकं आणून तिने माझ्यावरची धूळ पुसली, आतून दात घासायच्या ब्रशाचा कप्पाही पुसला. साहेब दारात उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "या वेळी किती वर्षं?"

साहेबांनी 'दोन' म्हणायला तोंड उघडलं. मग ते मिटून त्यांनी माझा दांडा ओढला.

ज्या शहरात आमचं जुनं घर आहे, त्याच शहरात आता साहेब चार वैमानिकांबरोबर एका खोलीत राहतात. भाडेकरू आमच्या घरात सुखाने नांदतात. सुट्टी मिळाली की आम्ही विमानतळावर उरलेल्या जागेची वाट पाहत बसतो, फक्त आता उलट्या दिशेला. माझा दांडा पुन्हा अडकू लागला आहे. दुरुस्त करायचं साहेबांच्या मनात आता येत नाही.

मित्रांनो, मी जन्मभर टिकले. बाईसाहेबांचं म्हणणं खरं ठरलं. पण टिकण्यासारखं दुसरंही काही, तीन माणसांचं एक घर, त्या दुकानात माझ्या शेजारी उभं होतं, त्याची काळजी कुणी घेतली नाही. तुमच्याही घरात एखादी भरलेली बॅग दाराशी उभी असेल. तिच्या मालकाला आजच्या आज ती रिकामी करायला सांगा. दोन वर्षांनी नको.