सुजीच्या तोंडी मिल्या

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अहमदपूरकडची बरीच घरं पाण्यामागं नांदेडच्या बाजूला निघाली. पंचफुला, तिचा नवरा केरबा आणि सात वर्षांची सुजाता अर्धापूरला एका केळीच्या बागेत कामाला लागली. गावातून निघाली तेव्हा चौघं होती. दोन वर्षांचा मिलिंद हगवणीनं वाटेतच, अहमदपूरच्या अलीकडं, दिवस उगवता उगवता गेला. सुजी लिंबाखाली डोळे मिटून पडली होती. केरबानं सडकेच्या कडेला खड्डा खणून लेकराला मातीआड केलं आणि पोर उठल्यावर सांगितलं, "मिल्याला आत्यानं नेलं. बरा झाला की आणू."

सुजीनं काहीच विचारलं नाही. पंचफुलाला पुढं हेच बोचत राहिलं.

बागेत भर दुपारीही उजेड हिरवा, अंधूक. पंचफुला केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, सुजी बांधावर बसायची. एक दिवस पाठीमागून हाक आली, "मायी, पानी."

पंचफुलाचा विळा हवेतच थांबला. असं 'मायी' एकटा मिल्या म्हणायचा. वळून पाहिलं तर सुजी. अंगठा तोंडात, मान तशीच एका बाजूला कललेली.

मग ती मिल्यासारखी दुडक्या पायांनी चालायला लागली. तिचे स्वतःचे शब्द एकेक करून गेले. 'सुजे' म्हटलं की ढिम्म. 'मिल्या' म्हटलं की लगेच बघायची.

"बाई, पोरीत दुसरंच कुणी राहून राहिलंय," शेजारच्या खोपीतली गुरम्मा म्हणाली. "भगताला दाखव."

"आपल्या बौद्ध लोकांत ते चालत न्हाई," केरबा म्हणाला. त्यानं पोरीला नांदेडला डॉक्टरकडं नेलं. अशक्तपणा आहे म्हणून डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली.

पंचफुलानं एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. केरबा कामावर गेला की ती पोरीला मांडीवर घ्यायची आणि हळूच म्हणायची, "मिल्या." "ओ," असा बोबडा आवाज यायचा. तेवढा वेळ लेकरू परत आलेलं असायचं. त्या वेळात सुजी कुठं जाते, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

मग पोरीलाही हगवण लागली. डोळे खोल गेले, ओठ तडकले, अगदी त्याच्यासारखे. "मायी, पानी," अशी हाक यायची, पण वाटी जवळ नेली की दात घट्ट आवळलेले. मागायचा मिल्या, तोंड मिटायची सुजी. दुसरंही लेकरू आपण मांडीवर घेऊन घालवतोय, हे तेव्हा पंचफुलाला कळलं. तिनं पोरीला दंडाला धरून गदागदा हलवलं.

"सुजे! मिल्या मेला गं! आत्यानं न्हाई नेला त्याला!"

पोरीनं डोळे उघडले. कैक दिवसांनी तिचा स्वतःचा आवाज आला. "मला ठाव हाय. म्या जागी व्हते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तांब्यातलं शेवटचं पाणी म्याच पिले. तुमी झोपला व्हता. त्यो मागत व्हता, तरीबी पिले. मग त्याला माझं तोंड दिलं."

 पंचफुलानं तिचा दंड सोडला नाही. "आगं, दिवसभर पाजत व्हते की म्या. त्याच्या पोटात घोट ठरत नव्हता. तुझं काय न्हाई त्यात, बाई. काय बी न्हाई." हेच ती परत परत सांगत राहिली, पोरीनं पहिला घोट गिळेपर्यंत.

पोरगी हिंडूफिरू लागल्यावर केरबानं दोघींना एसटीनं त्या जागी नेलं. नव्या जिल्ह्यासाठी सडक रुंद होत होती. लिंब तोडलेला, कडेची माती उकरलेली, सगळीकडं खडी. नवरा-बायकोला खूण सापडेना. सुजी मात्र सरळ चालत गेली आणि खडीवर एका जागी उभी राहिली.

"हितं."

केरबानं टोपी काढली. तिघांनी त्रिसरण म्हटलं. रोलरवाल्यानं काही न विचारता रोलर थांबवला.

परतताना सुजी खिडकीशी बसून मिल्याच्याच गोष्टी सांगत होती. मिल्या गेला त्या दिवसापासून त्याचं नाव न घेतलेला केरबा लोहा गावाजवळ भर गाडीत हुंदके देऊन रडला. सुजी त्याचा हात धरून बोलतच राहिली. त्यातल्या काही गोष्टी पंचफुलानं कधी पाहिल्या नव्हत्या, कधी घडल्याही नव्हत्या. तिनं पोरीला एकदाही अडवलं नाही.