भट्टीवरचा झाडू

१९७७च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या आमच्या पोलाद कारखान्यात जो तो एकच विचारायचा, बंद पडणार का? मला काळजी होती सासऱ्यांची. ओंड्रेबाबांची इथल्या नोकरीची तीस वर्षं सव्वीस सप्टेंबरला भरत होती. भरली तर पूर्ण पेन्शन, एक दिवस जरी कमी पडला तरी निम्मी. गुडघे तर कधीच गेलेले.

मी भट्टीचा मुकादम, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. सगळ्यांना गोळा करून म्हणालो, "काम दाखवा! दुभती गाय कोण कसायाला देतं?"

बाबा हसले. "जावईबापू, दमानं घ्या. घोडा जास्त पळाला म्हणून मालक चारा वाढवत नाही."

"तुम्ही गप बसा हो बाबा. तुमच्यासाठीच चाललंय हे."

मग आम्ही जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकलं. दोन-दोन पाळ्या केल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हिशेब लागला, कारखाना सुरू झाल्यापासून कधी निघालं नव्हतं एवढं पोलाद त्या आठवड्यात निघालं होतं.

विक्रम झाला की भट्टीच्या धुराड्यावर झाडू बांधायचा, अशी आमच्याकडची रीत. नदीपलीकडच्या कारखान्यांनी बघावं आणि जळावं. झाडू बांधायचा मान बाबांनी, गुडघे गेलेले असूनही, हट्टानं मागून घेतला. खाली माझी बायको ल्युडमिला पिरोहीचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं पातेलं घेऊन ओरडत होती, "बाबा, उतरा! एकसष्टाव्या वर्षी माकडचाळे शोभतात का?"

"तूच ये वर! इथून तुझं स्वयंपाकघर दिसतंय, पसारा आहे नुसता!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

सोमवारी दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. शाबासकी मिळणार म्हणून मी बाबांनाही सोबत नेलं. त्यांनी केस पाण्यानं चापून बसवले होते.

साहेबांनी खरंच हात मिळवला. "कमाल केलीत! हातातल्या ऑर्डरी ऑक्टोबरपर्यंत पुरतील असं मालकांनी धरलं होतं. त्या संपल्या की कारखाना बंद करायचं उन्हाळ्यातच ठरलेलं. शेवटची ऑर्डर आज सकाळी गेली. भट्टी आजच विझवा."

माझ्या कानात नुसती शीळ वाजत होती. साहेब पुढे बरंच बोलले, त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नाही. मी नुसता स्वस्थ बसलो असतो तरी बाबांची तीस वर्षं आरामात भरली असती.

बाहेर आल्यावर बाबांनी शिव्या घालाव्यात, निदान थोबाडीत तरी मारावी असं वाटत होतं. त्यांनी माझी बाही धरली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मिलन, साहेबांना विचार ना. उरलेलं काम आपण हळू केलं तर चालेल का?"

हळू करायला काम उरलंच नव्हतं. ते मी संपवलं होतं.