लळिंगच्या घाटात इम्पाला

अभिमनने बॉनेट दोन्ही तळहातांनी दाबून बंद केलं आणि किल्ली उखर्डूनानांपुढे धरली.

"नाना, पहिला मान तुमचा."

नानांनी किल्ली लगेच घेतली नाही. खळ दिलेल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारख्या करत त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. पासष्ट सालची इम्पाला. जळगावात एका डाळमिलमागच्या भंगारात ती चाकांविना पडलेली अभिमनला दिसली आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. कॉलेजात फिजिक्स शिकवून आला, की तो आणि त्याचा लेथवाला मित्र भटू तिच्यातच डोकं खुपसून बसत. अख्खं धुळं सांगत होतं, डिझेल इंजिन टाका, हे आठ सिलिंडरचं धूड पेट्रोल पिऊन तुमचं घर खाईल. अभिमनने ऐकलं नाही. इंजिन तेच ठेवलं, पार मोकळं करून नव्याने बांधलं. पुढच्या चाकांना कॉन्टेसाचे डिस्क ब्रेक आले, खानदेशच्या उन्हासाठी ट्रकचा रेडिएटर आला. आणि रंग? मिरचीसारखा लाल.

धुळ्यातल्याच जिनिंगवाल्या थोरल्या शेठकडे ही गाडी होती, तेव्हा उखर्डू ड्रायव्हर ती चालवायचे, असं भटूच्या मामांनी सांगितलं. ते ऐकल्याबरोबर अभिमन चाळीसगावला जाऊन, लेकीकडे राहणाऱ्या नानांना घेऊन आला होता.

किल्ली फिरली. इंजिन आधी खोकलं, मग असं घुमलं, की शेजारच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली.

"आवाज तोच शे!" नाना ओरडले. त्यांचे डोळे लकाकत होते.

लळिंगचा घाट चढली तर गाडी खरी, नाहीतर दोरी बांधून आणायची, असं गॅरेजसमोरची मंडळी हसून म्हणत होती. आग्रा रोडला लागल्यावर समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. मागच्या सीटवरून भटू खिडकीबाहेर वाकून त्यांना हात करत होता. नानांच्या शेजारी बसलेल्या अभिमनची नजर मात्र उष्णतेच्या काट्यावर खिळलेली. घाट सुरू झाला, तसा काटा वर सरकला. अभिमनने नकळत डॅशबोर्डवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"नाना, थांबायचं का?"

"घाबरू नका, सर."

पुढे कांद्याने भरलेला ट्रक रांगत होता. वळण सरून रस्ता मोकळा दिसला आणि नानांनी पाय दाबला. तिघंही सीटला चिकटले. ट्रक बाजूला गेला, मागे पडला, दिसेनासा झाला. काटा मधोमध येऊन थांबला तो थांबलाच.

घाटमाथ्यावर गाडी उभी राहताच भटू उडी मारून खाली उतरला आणि रस्त्याकडेलाच नाचू लागला. अभिमनने नानांना मिठीच मारली. नाना आधी अवघडले, मग त्यांनीही त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"आते तुम्ही चालाडा," असं म्हणत त्यांनी किल्ली अभिमनच्या हातात ठेवली.

अभिमन जवळजवळ धावतच स्टिअरिंगमागे जाऊन बसला. शेजारचं दार उघडलं, पण आत आला भटू. नाना मागच्या दाराशी उभे होते. मुठीला हात लावून ते क्षणभर तसेच राहिले.

"पुढे या ना, नाना. भटू बसेल मागे."

"नही. मांगे मी कधी बठनू नही."

ते आत शिरले, बेताने मधोमध बसले, मग हळूहळू मागे रेलले. एक हात सीटच्या पाठीवर पसरला. आरशातून पाहणाऱ्या अभिमनने स्वतःची मान सरळ केली.

घाट उतरून गाडी धुळ्यात शिरली.

"कुठे घेऊ, नाना?"

"शेठना बंगलावरतीन ले."

"थोरले शेठ या वेळी ओट्यावर बसलेले असतात," भटू म्हणाला. "थांबायचं त्यांच्याकडे?"

नानांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली, केसांवरून हात फिरवला.

"हळू लेजो, अभिमन," ते म्हणाले. "पन थांबजो नको."