निळी किनार

रानल्ड बॅलगार्वीने टोरांटोहून फोन करकरून बापाच्या थडग्याच्या दगडाचं वाटोळं केलं, आणि धाकटा भाऊ हेक्टर तिथेच, कूपर नावाच्या गावात, राहत असूनही ते थांबवू शकला नाही.

म्हाताऱ्याने मरताना एवढंच मागितलं होतं, की दारावर आहे तसंच माझं कुलचिन्ह दगडावर कोरा. दारावरच्या ढालीत लांडग्यांची तीन मुंडकी होती आणि भोवती निळी किनार. शेवटच्या वर्षांत बापाचं सगळं हेक्टरनेच केलं होतं. हा शब्द त्यानेच दिला होता, आणि तो त्याला पाळायचा होता.

पण दगडाचं काम थोरल्याने अंगावर घेतलं.

"किनार नको," रानल्ड म्हणाला. "ती धाकट्यांना लावतात. बाबा थोरले, मीही थोरला."

"अरे, ती खापरपणजोबांपासूनची आहे. ते धाकटे होते, म्हणून त्यांना किनार लावून ढाल मिळाली. त्यांच्या वंशात थोरल्यालाही ती किनारीसकटच मिळते. बिनकिनारीची ढाल एका वेळी एकाच माणसाची, मूळ शाखेतल्या थोरल्याची."

"तुझं दुखणं कळतं मला, हेक्टर. तू धाकटा, तुला स्वतःची ढाल हवी तर आणखी एक खूण जोडून मागावी लागेल. त्याचा राग बाबांच्या दगडावर कशाला?"

हेक्टरने फोन ठेवला आणि किटली शेगडीवर आदळली. उन्हाळाभर हेच चाललं. पाथरवट म्हणाला, ज्याने काम दिलं त्याचं मी ऐकणार. शेजारच्या मॉरागबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "थोरल्या भावाचा इतका हेवा बरा नव्हे हो." हेक्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलावं तर जळका ठरायचं, गप्प बसावं तर दिलेला शब्द मोडायचा.

सप्टेंबरात रानल्ड नवा कोरा स्कॉटिश किल्ट घालून आला. मिरवायचं म्हणून त्याने सापडेल त्या बॅलगार्वीला आमंत्रण धाडलं होतं. बॅगपाइप वाजले, दगडावरचं कापड सरलं. तिन्ही लांडगे किनारीवाचून उघडेबोडके.

डंडीचे निवृत्त दंतवैद्य टॉर्क्विल बॅलगार्वी काठी टेकत पुढे आले. चष्मा लावून त्यांनी दगड बराच वेळ न्याहाळला.

"काम सुरेख झालंय," ते म्हणाले. "फक्त नाव चुकलंय. आणि माझ्या मरणाची जरा घाई झाली."

"म्हणजे?" रानल्डने विचारलं.

"ही ढाल माझी आहे. मूळ शाखेतला थोरला मी. तुमच्या घराण्याची निळ्या किनारीची."

रानल्ड कानापर्यंत लाल झाला. "अरेरे, माफ करा. बदलायलाच हवं," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघत पुटपुटला, "कुणीतरी आधी सांगायला नको का?"

हेक्टरला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आनंद होईल. झाला तो नुसता संताप. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. सख्ख्या भावाचं उन्हाळाभर ऐकलं नाही, आणि परक्याचं एका वाक्यात पटलं.

पाथरवटाने नकारार्थी मान हलवली. मुंडकी ढालीच्या कडेपर्यंत कोरलेली, किनारीला जागाच उरली नव्हती. सगळं तासून पुन्हा कोरायचं, तर दगड पातळ होऊन पुढच्या थंडीत तडकणार.

"हेक्टर, माझं उद्या विमान आहे," रानल्ड म्हणाला. "तू इथेच असतोस. तेवढं बघून घे."

मंडळी व्हिस्कीकडे वळली. हेक्टर दगडाच्या कडेवर, किनार असायला हवी होती तिथे, हात ठेवून उभा राहिला.

"मी सांगितलं होतं त्याला, बाबा," तो म्हणाला, आणि हेही ऐकायला कुणी नव्हतं.