एकही चार नाही

लेख छापून आला असता, तर टक्केबाईंचा फायदा घसघशीत होता. रक्ताच्या एका नळीवरून गायीचा क्षय ओळखणारी त्यांची टेस्ट सगळीकडे सक्तीची झाली असती. रोगनिदान विभागातली खिडकीजवळची खुर्ची मिळाली असती. आणि लेखात कुठेच न लिहिलेला लाभ म्हणजे धाकट्या दिराचं तोंड कायमचं बंद झालं असतं. खरं तर मुद्दल हेच होतं. बाकीचं त्यावरचं व्याज.

दीर गुरांचे डॉक्टर. पंधरा वर्षं गोठे पालथे घातलेले. त्यांची पद्धत जुनी: गायीच्या मानेत औषधाची सुई टोचायची, तीन दिवसांनी तीच कातडी कॅलिपरच्या चिमट्यात धरायची. सूज चार मिलीमीटर किंवा वर भरली की गाय रोगी. ती नेऊन मारायची. वहिनींची नळी आली की चिमटा अडगळीत, आणि चिमटेवालाही. त्यामुळे दोन भावांच्या त्या एकत्र घरात दीर-भावजय जेवताना मीठसुद्धा तिसऱ्यामार्फत मागत.

"दादा, वहिनींना विचार, गायीला पाय किती, हे प्रयोगशाळेत शिकवतात का?"

"अहो, भावजींना सांगा, पाय मोजण्यापलीकडे ज्यांची मजल गेली नाही, त्यांनी आकड्यांत पडू नये."

नवरा दोघांचंही ऐकत नसे. संसार त्यावरच टिकला होता.

टक्केबाईंनी सहाशे बारा गायींवर दोन्ही टेस्ट ताडून पाहिल्या होत्या. दिरांच्या चिमट्याने एकोणीस रोगी ठरवल्या. नळीने त्या एकोणीस आणि वर आणखी एकोणीस. वरच्यांपैकी सहा गायी पुढे आपापल्या कारणांनी कत्तलखान्यात गेल्या, आणि सहाही जणींच्या फुप्फुसांत गाठी निघाल्या. बाकी तेरा गोठ्यांतच राहिल्या. नळीला मंजुरी नव्हती, म्हणून मालकांना निकाल कळवायचा नाही, असा संशोधनाचा नियम. टक्केबाई नियमाने चालणाऱ्या.

लेख पाठवला, आणि वर्षभराने तो तपासणाऱ्या परीक्षकाचं पत्र आलं: चिमट्याची मूळ मापं जोडा. बाईंनी आलेख काढला. शून्य, एक, दोन मिलीमीटर, उतरत जाणारे खांब. तीनवर अचानक मनोरा. पाचवर, सहावर थोड्या गायी. मध्ये चारवर सपाट मैदान. सहाशे बारा गायींत एकही चार नाही!

मोजताना चुकणारा दोन्ही बाजूंना चुकतो. एकाच बाजूला चुकतो, तो चुकत नसतो. कागद घेऊन बाई तशाच स्वयंपाकघरात गेल्या. मध्यस्थ लागला नाही.

"भावजी, तुमच्या कॅलिपरवरचा चार झिजला वाटतं?"

दिरांनी आलेख पाहिला आणि हसले. "झिजवला. चार म्हटलं की माणसं गायीच्या गळ्यात पडून रडतात. एका मिलीमीटरपायी! तुमचं बरंय, नळ्या रडत नाहीत."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल की. पण वहिनी, मी चार वाचले असते तर तुमची नळी जिंकली कशी असती? ती माझ्या खोटेपणाहून चांगली आहे. चिमट्याहून चांगली, हे कुठे सिद्ध झालंय? छापा ना आता, छापा!"

हिशेब बरोबर होता. तो नको त्या माणसाला आधी सुचला होता, एवढंच.

"अगं, मापं गहाळ झाली म्हणून कळव," नवरा म्हणाला. बाईंनी दोघा भावांकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं आणि खात्याच्या साहेबांकडून हुकूम काढला. त्याच गोठ्यांतल्या दोनशे चाळीस गायी दोन्ही टेस्टनी पुन्हा तपासायच्या. कॅलिपरच्या तबकडीवर काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा. चिमटा दिरांनी धरायचा, आडोशामागचा आकडा बाईंनी वाचायचा.

"आणि वाचणारीने चाराचे तीन केले तर?" दिरांनी विचारलं.

"ती विद्या तुमची. मला येत नाही."

चौथ्या गोठ्यात अकरा गायी होत्या. गोठेवाली फटकळ, शेण ओढता ओढता म्हणाली, "दोघं मिळून एक गाय मोजताय? माणसं वाढली की अक्कल कमी झाली?"

पहिली गाय सहा. दुसरी चार. तिसरी पाच. शेवटी तांबडी, तिची सगळ्यात दुधाळ: नऊ. अकरापैकी अकरा. बाईंनी वही गोठेवालीसमोर धरली.

गोठेवालीने खोरं खाली ठेवलं. "मागच्या खेपेला हे डॉक्टर म्हणाले, तांबडी तीनवर आहे, वाचली. मी चहा पाजला होता यांना."

दीर कॅलिपर पुसत राहिले.

"आणि बाई, तुम्ही रक्त नेलं होतंत तिचं. त्यात काय निघालं?"

बाईंनी जुनी वही उघडली. नमुना क्रमांक दोनशे सात. "रोगी निघाली होती."

"मग?"

"कळवायचा नियम नव्हता."

"बरं. म्हणजे यांना दया आली आणि तुम्हाला नियम आडवा आला. तांबडी तेव्हाच नेली असती, तर दहा राहिल्या असत्या ना हो? आकड्यांच्या बाई ना तुम्ही, सांगा."

बाईंना उत्तर येत होतं. त्यांनी वही मिटली.

सगळे गोठे झाले तेव्हा चिमट्याने तेवीस पकडल्या, नळीने बावीस. कत्तलखान्यात तेवीसही खऱ्या निघाल्या. न पाहता धरलेला स्वस्तातला चिमटा नळीला एका गायीने भारी पडला.

टक्केबाईंनी दोन्ही आलेख मूळ मापांच्या यादीसह पाठवले, दोनशे सातच्या ओळीखाली रेघ मारून. हा पश्चात्ताप होता, की आपलं नाक कापून दिराला अपशकुन, हे घरात कुणी विचारलं नाही; टपालाचं तिकीट दोन्हीला सारखंच लागतं.

शेवटची बेरीज अशी. लेख परत आला आणि नळी कपाटात गेली. चिमटा चांगला ठरल्यामुळे चिमटेवाल्यांची गरज वाढली; दिरांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. आडोशामागचा आकडा वाचायला भरवशाचं माणूस हवं, म्हणून साहेबांनी टक्केबाईंना कायमचं दिरांसोबत नेमलं. आता ते दाबतात, त्या वाचतात, आणि मीठ अजून नवराच पुढे सरकवतो.

गोठेवालीकडे अकरा दावी उरली.