दोन हरण्या

काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रात सकाळची गर्दी ओसरली होती. मुबशिरा तक्ता उघडून बसली. औषध चालू असलेल्या जनावरांची नोंद त्यात असायची: मालक, गाय, औषध आणि दूध कधीपर्यंत घ्यायचं नाही ती तारीख. तक्ता ऑनलाइन होता, त्यामुळे डॉक्टरही आपल्या फोनवरून त्यात भर घालत.

त्याच आठवड्यात तक्त्यात नव्या सोयी आल्या होत्या. एक सोय मालक आणि गाईचं नाव सारखं असलेल्या दुबार ओळी शोधून काढून टाकायची. दुसरी, नोंद बदलली की मालकाच्या फोनवर आपोआप निरोप पाठवायची. आदल्या संध्याकाळी मुबशिरानं दोन्ही वापरून पाहिल्या होत्या. ‘एक दुबार ओळ सापडली. काढायची?’ असं विचारल्यावर तिनं निर्धास्तपणे ‘हो’ म्हटलं होतं.

आता खाली सरकताना तिला दत्तोबातात्यांची एकच ओळ दिसली. हरणी, दूध चालेल. ओळ हिरवी होती.

तात्यांकडे दोन हरण्या होत्या. घरातल्या पहिल्या गाईचं नाव हरणी, म्हणून तिच्या पोटची प्रत्येक कालवड हरणीच, असा त्यांचा रिवाज. थोरलीचं औषध कधीच संपलं होतं. धाकटीची कास सुजली होती आणि तिला इंजेक्शनं चालू होती. तक्त्यानं दोघींची एक गाय करून टाकली होती, आणि ‘हरणीचं दूध चालेल’ असा निरोपही तात्यांना गेला होता.

सकाळी तात्यांची किटली तिनंच मापून घेतली होती. ते दूध आता साऱ्या गावाच्या दुधात मिसळून शीतटाकीत फिरत होतं. बारामतीहून टँकर निघाला होता. औषधाचा अंश असला तर टाकीच्या टाकी ओतून द्यावी लागणार होती.

तिनं टाकीतला नमुना घेतला, तपासणीची पट्टी बुडवली. दोन्ही रेघा उमटल्या तर दूध चांगलं. वरची लगेच आली. खालच्या जागी अजून पांढरंच होतं. तिनं तात्यांना फोन लावला.

“तात्या, सकाळी कुणाचं दूध आणलंत?”

“हरणीचं की.”

“कोणत्या हरणीचं?”

“आमच्या! दुसऱ्याची हरणी मी कशाला पिळू?”

“थोरलीचं का धाकटीचं, तात्या? घाई आहे हो.”

तात्यांनी घसा खाकरला. “तुमचाच निरोप आलता, घाला म्हणून. मंग मी बसलो धाकटीखाली…”

मुबशिरानं टेबलाची कड घट्ट धरली. तेवढ्यात फोन तात्यांच्या बायकोनं, कौसल्याकाकूंनी ओढून घेतला.

“मुबशिरा, ह्ये काय सांगणार न्हाईत, मी सांगते. धाकटीनं लाथ मारली. बादली उपडी. सगळं दूध ह्यांच्या धोतरावर! किटलीत आलं ते थोरलीचंच.”

“नक्की ना, काकू?”

“धोतर मीच धुतलंय की! हरणीच्या वंशात लाथ न्हाय म्हणून गावभर सांगत फिरत्यात, मंग आता कुठल्या तोंडानं सांगतील?”

“कास दुखती तिची!” मागून तात्या ओरडले. “त्याला लाथ म्हणत न्हाईत!”

मुबशिरानं पट्टीकडं पाहिलं. खालची रेघ हळूहळू गडद होत वरच्या रेघेसारखी झाली. तिला हसू आलं आणि तिनं खुर्ची ओढून घेतली. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. तिनं खिडकीतूनच हात करून त्याला आत घेतलं.

मग फोन चालूच ठेवून तिनं तक्त्याची ओळ पुसण्याआधीची प्रत काढली आणि पुसलेली ओळ परत आणली. धाकटी हरणी पुन्हा लाल झाली. दुबार ओळी काढायची सोय तिनं बंद केली आणि नावाशेजारी नवा रकाना वाढवला.

“काकू, तात्यांना द्या जरा. तात्या, काल आलेला निरोप चुकीचा होता. चूक माझीच. डॉक्टर सांगेपर्यंत धाकटीचं दूध घालू नका. आणि तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगता का?”

“नंबर घ्या, पर नाव बदलायचं न्हाय हां.”

“नाही बदलत.”

फोनमधून गोठ्यातले आवाज येऊ लागले. साखळी खळखळली, काकू कुणाला तरी “सर गं” म्हणाल्या.

“हां, लिवा. एक… मंग शून्य… आता गप उभी ऱ्हा की गं बाई! थांबा ओ, कान हलवती.”

“हलवू दे,” मुबशिरा म्हणाली. “सावकाश सांगा.”